तोच की दुसरा?

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सरकारी माहिती केंद्राला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं, त्यांनी पेट घेतला आणि देशाच्या सहाशेहून अधिक सरकारी संगणक यंत्रणा थांबल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्या एकेक करून उभ्या राहू लागल्या. एका कोठारासाठी मात्र उभं राहण्याचा प्रश्नच उरला नाही. सरकारी कर्मचारी आपली रोजची कागदपत्रं जिथं ठेवत, ते ‘जी-ड्राइव्ह’ पूर्ण जळालं होतं. ८५८ टेराबाइट माहिती, आणि तिची दुसरी प्रत कुठंच नव्हती. साठा इतका मोठा होता की बाहेर बॅकअप ठेवणं शक्य झालं नाही, असं स्पष्टीकरण नंतर देण्यात आलं.

देजॉनपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, गाया डोंगरावर हेइन्सा नावाचा बौद्ध विहार आहे. तिथल्या लाकडी मांडण्यांवर छपाईचे ८१,२५८ कोरीव ठसे ओळीनं उभे आहेत. त्यांच्यावर सगळं त्रिपिटक आहे, सव्वापाच कोटींच्या आसपास अक्षरं. साडेसातशेहून अधिक वर्षं ते तसेच आहेत. आणि हा संच पहिला नाही. पहिला अकराव्या शतकात कोरला गेला होता, तो १२३२ मध्ये मंगोल आक्रमणात जळून गेला. राजा राजधानी सोडून बेटावर आश्रयाला गेलेला असताना कोरियानं तेच सगळं पुन्हा पहिल्या अक्षरापासून कोरायला घेतलं.

आज हेइन्साला जाणारा भाविक ज्यांच्यापुढे हात जोडतो ते ठसे ‘तेच’ आहेत का? लाकूड वेगळं, कोरणारे हात वेगळे, शतकही वेगळं. हा प्रश्न धर्मांना आणि दर्शनांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. डेटाबेसचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तो आता रोज पडतो, आणि तोही उत्तरासाठी काही सेकंदांचीच मुदत देऊन.

या माणसांच्या मनात दोन वेगळ्या भीती असतात. पहिली एका यंत्राच्या मरणाची: डिस्क जाईल, वीज जाईल, मेमरी बिघडेल. त्यासाठी मुख्य सर्व्हरच्या जोडीला दुसरा उभा करतात. मुख्य तो प्रायमरी, मागचा तो स्टँडबाय. प्रायमरीवर जे लिहिलं जाईल ते स्टँडबायवर उतरत राहतं आणि प्रायमरी पडला की स्टँडबाय पुढे येऊन काम हाती घेतो. याला फेलओव्हर म्हणतात. वर्षातला ९९.९९९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायचं वचन दिलं, तर बंद राहायला वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं मिळतात. माणसानं धावत येऊन बटण दाबण्याइतका हा वेळ नाही, म्हणून निर्णयही यंत्रावरच सोपवावा लागतो.

दुसरी भीती सगळी जागाच जाण्याची आहे. आग, पूर, भूकंप, युद्ध. तिच्यासाठी दुसरा सर्व्हर शेजारच्या खोलीत असून भागत नाही, तो दुसऱ्या गावात, शक्य तर दुसऱ्या भूकंप क्षेत्रात असावा लागतो. भारतातल्या शेअर बाजारांना ‘सेबी’चा दंडक असाच आहे: पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंप क्षेत्रात हवं, ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर दूर. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचं असं केंद्र चेन्नईत आहे.

इथं निसर्ग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे जाऊन येऊन किमान दहा मिलिसेकंद. प्रत्येक नोंदीसाठी चेन्नईचा होकार येईपर्यंत थांबलं, तर एकही नोंद हरवत नाही, पण मुंबईचं काम मंदावतं. न थांबता पुढे गेलं, तर मुंबई आणि चेन्नई यांच्यात सतत काही क्षणांची दरी राहते. त्याच क्षणी मुंबई गेली, तर दरीतलं सगळं गेलं. म्हणून ही व्यवस्था आखताना एक आकडा आधीच कागदावर लिहून द्यावा लागतो: आपण किती काळाची माहिती गमवायला तयार आहोत? पाच सेकंदांची, की पंधरा मिनिटांची? त्याच्या शेजारी दुसरा आकडा असतो: किती वेळ बंद राहायला तयार आहोत?

ज्यानं हा पहिला आकडा कधी प्रामाणिकपणे लिहिला आहे, त्याला ठाऊक असतं की ती केवळ तांत्रिक बाब नाही. काय वाचवायचं हे सगळ्यांना सांगता येतं. काय सोडायचं हे संकटाच्या आधी, शांत बसून ठरवणं अवघड असतं.

गोव्यात १५६० च्या सुमारास माणसांना हेच ठरवावं लागलं. पोर्तुगीज सत्तेखाली देवळं पाडली जात होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भाविकांनी नदीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात नेली. तिथं आदिलशाहीचा अंमल होता. अंतर फार नव्हतं, राज्य मात्र वेगळं होतं, आणि त्या काळी संकट अंतरानं नाही तर राज्याच्या हद्दीनं येत होतं. देऊळ मागे राहिलं, तळी राहिली, जमिनी आणि पिढ्यांची घरं राहिली. देव, पूजा आणि ती करण्याचा वारसा एवढंच पलीकडे गेलं. पुढे अठराव्या शतकात फोंडाही पोर्तुगिजांच्या ताब्यात आला, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण देव जुन्या जागी परतले नाहीत. मंगेशी आणि कवळे हीच त्यांची स्थानं झाली. आज मंगेशीला जाणाऱ्या कुणालाही आपण पर्यायी ठिकाणी आलो आहोत असं वाटत नाही.

एस्टोनियानं २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार केला, तो याच जातीचा. आपल्या सरकारी नोंदींची प्रत त्या देशानं परमुलखातल्या सर्व्हरवर ठेवली आणि त्या जागेला वकिलातीसारखं संरक्षण मिळवलं. उद्या भूमीच हातची गेली तरी नागरिक कोण आणि जमीन कुणाची याची नोंद राहावी, हा त्यामागचा विचार. राज्य म्हणजे भूमी, की त्या भूमीविषयीची नोंद? अंत्रुजात देव घेऊन गेलेल्यांनी आपल्यापुरतं याचं उत्तर दिलं होतं.

मूळ प्रश्नाकडे, ‘तोच की दुसरा’कडे वळलं की सर्वांत नेमका संवाद आठवतो तो ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांची ही प्रश्नोत्तरं. जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा, असं राजा विचारतो. नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरातली नसते, तरी रात्रभर दिवे तीन होते असं कुणी म्हणत नाही. मग राजा आणखी खोलात जातो: एका देहातून दुसऱ्या देहात काही जातच नसेल, तर पुनर्जन्म होतो कसा? नागसेन त्याला बालपणाची आठवण करून देतो. गुरूकडून तुम्ही एखादा श्लोक शिकलात ना? तो श्लोक गुरूच्या तोंडून निघून तुमच्याकडे आला का? आला असता तर गुरूकडे उरला नसता.

रेप्लिकेशनची याहून चांगली ओळख कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणं कठीण आहे. प्रायमरीकडून स्टँडबायकडे वस्तू जात नाही. प्रायमरी आपल्या प्रत्येक कृतीची क्रमवार नोंद ठेवतो, ती नोंद तारेवरून पोचते, आणि स्टँडबाय त्याच क्रमानं त्याच कृती स्वतःवर करतो. शिष्य गुरूच्या मागून म्हणतो, तसंच. दोघांच्या डिस्क वेगळ्या, कधी वर्षांनी वेगळ्या. तरी फेलओव्हरनंतर खातेदार आपलं पासबुक बघतो तेव्हा शिल्लक तीच असते, आणि तो म्हणतो, माझं खातं आहे. त्याच्या दृष्टीनं दिवा एकच.

नागसेनाच्या दाखल्यात मात्र एक गोष्ट गृहीत आहे. प्रहर एकामागून एक येतात. पहिली ज्योत आणि शेवटची ज्योत एकाच वेळी जळत नाहीत.

सर्व्हरच्या जगात त्या जळू शकतात. स्टँडबायला प्रायमरी जिवंत आहे हे कळतं ते त्याच्या ‘हार्टबीट’मधून. ठरावीक अंतरानं ‘मी आहे’ एवढाच निरोप येत राहतो. निरोप थांबला की काय समजायचं? प्रायमरी मेला, की कामाच्या ओझ्यानं अडकला, की दोघांमधली वाट तुटली? फिशर, लिंच आणि पॅटरसन या तीन संशोधकांनी १९८५ मध्ये गणितानं दाखवून दिलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याची मर्यादाच नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर ठाम नियमांनी चालणारी कुठलीही पद्धत सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी हमी देऊ शकत नाही. याच्या मुळाशी साधी अडचण आहे: दूरवरून मेलेला आणि नुसता गप्प झालेला यांत फरक करता येत नाही.

गिटहब या संकेतस्थळानं २१ ऑक्टोबर २०१८ रोजी हे अनुभवलं. देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राशी असलेली जोडणी ४३ सेकंद तुटली. राखण करणाऱ्या प्रणालीनं उरलेल्यांची गणपूर्ती मोजली, पूर्वेचा प्रायमरी गेला असं ठरवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सर्व्हर पुढे केला. पूर्वेचा गेला नव्हता. त्यानं शेवटच्या काही सेकंदांत घेतलेल्या नोंदी पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. एका अत्यंत गजबजलेल्या संचात त्या ९५४ होत्या. जोडणी परत आली तोवर पश्चिमेनं स्वतःच्या नव्या नोंदी घ्यायला सुरुवात केली होती. आता दोन इतिहास झाले, दोन्ही खरे, दोन्ही अपुरे. ४३ सेकंदांची ती तूट निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली, कारण सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा एकही नोंद खोटी पडू नये याला गिटहबनं अग्रक्रम दिला. दोन इतिहासांच्या या अवस्थेला संगणकाच्या क्षेत्रात ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात.

इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात नेमका असाच प्रसंग कल्पिला होता. एका माणसाच्या मेंदूचे दोन भाग दोन देहांत बसवले. दोघांनाही सगळं आठवतं, दोघंही म्हणतात मी तोच. मग खरा कोण? पार्फिट यांचं म्हणणं असं की या प्रश्नाच्या पोटात याहून खोल काही दडलेलं नाही. महत्त्व ओळखीला नसून स्मृती आणि स्वभाव यांच्या सातत्याला आहे. आपला विचार बुद्धाच्या विचाराशी जुळतो हे त्यांनी त्याच ग्रंथात नोंदवलं आहे.

पंढरपूरच्या विठ्ठलाबाबत महाराष्ट्राला हा प्रश्न पडून गेला आहे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथानं माढ्याची मूर्ती हीच आद्य मूर्ती असावी असं मत मांडलं. आक्रमणाच्या काळात सुरक्षिततेसाठी मूर्ती तिकडे हलवली होती, आणि जुन्या ग्रंथांत वर्णिलेली छातीवरची अक्षरं माढ्याच्या मूर्तीवर आढळतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. त्यावर मोठा वाद झाला. ढेऱ्यांचा शोध आस्थेतून आलेला होता आणि त्यांना विरोध करणारेही आस्थेनंच बोलत होते. वारी मात्र ज्या विटेकडे जात होती तिकडेच जात राहिली. शतकानुशतकांच्या भेटींनी जे साठलं आहे ते पंढरपुरात साठलं आहे, आणि पार्फिट ज्याला सातत्य म्हणतात ते वारकऱ्याला पायांनी माहीत असतं.

पण बँकेच्या खात्याला हा दिलासा चालत नाही. दोन ठिकाणी दोन शिलका असतील तर एक खोटी ठरवावीच लागते. म्हणून जाणते अभियंते नव्याला पुढे करण्याआधी जुन्याला निश्चितपणे बाजूला करतात: त्याची वीज तोडतात, साठ्याकडची त्याची वाट बंद करतात. याला फेन्सिंग म्हणतात, आणि ती निर्दय वाटली तरी तिच्याशिवाय वारसाहक्क स्वच्छ होत नाही.

पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत ही शिस्त किती जुनी आहे ते दिसतं. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो. ठेवणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांवर पट्टी असते, हात वस्त्रानं गुंडाळलेले असतात. त्यानंतर जुन्या मूर्तींना कोइली वैकुंठ या ठिकाणी समाधी दिली जाते. गाभाऱ्यात दोन जगन्नाथ एकाच वेळी कधीच नांदत नाहीत. आणि या पालटाच्या काळात सुमारे दीड महिना दर्शन बंद असतं. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत सांगतो की जाळं तुटलं असताना सततची उपलब्धता आणि सगळीकडे एकच सत्य या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. पुरीच्या परंपरेनं, कारणं वेगळी असली तरी, दार लावून घेणं पसंत केलं.

आता अधिक अवघड भाग. समजा प्रती भरपूर आहेत, अंतरही योग्य आहे. तेवढ्यानं माहिती वाचते का?

गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर खोडण्याची आज्ञा दिली. दोन-एक सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या वेगवेगळ्या पाच व्यवस्था होत्या, आणि त्यातली एकही वेळेला नीट उपयोगी पडली नाही. एक व्यवस्था आवृत्तीच्या विसंगतीमुळे मुकाट अपयशी होत होती, तिचे इशारे देणारे ईमेल मध्येच नाकारले जात होते. योगायोगानं सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून सगळं उभं राहिलं. कंपनीनं काहीही न लपवता दुरुस्तीचं काम जगासमोर थेट दाखवलं, हे तिचं मोठेपण.

खोडण्याची आज्ञा डेटाबेसलाच दिलेली असेल, तर स्टँडबायचाही आधार नसतो, कारण तो तीही तितक्याच इमानानं पाळतो. प्रत आणि स्मृती यांतलं अंतर इथं उघड होतं. जी प्रत कधी परत वाचून बघितली नाही तिच्याविषयी आपल्याला फक्त आशा असते.

वेदपाठाची परंपरा या आशेवर विसंबली नाही. संहिता सलग म्हणायची, मग पदं सुटी करून, मग क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशा जोड्या लावून, मग जटेत उलट-सुलट, आणि घनपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं. एक पद हललं तर कुठल्या ना कुठल्या पाठात ते अडखळतंच. बौद्धांनी सामूहिक पठणाची वाट धरली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्खू जमले, उपालीनं विनय सांगितला, आनंदानं सूत्रं सांगितली आणि सगळ्यांनी ते एकत्र म्हणून मान्य केलं, असं परंपरा सांगते. संगीति या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणं. मंडालेच्या मिंडोन राजानं १८६८ पर्यंत ७२९ संगमरवरी शिलांवर त्रिपिटक कोरून घेतलं, तरी १८७१ मध्ये २,४०० भिक्खूंना बोलावून ते काही महिने मोठ्यानं म्हणवूनही घेतलं. दगडात कोरलेलंही त्याला पडताळून हवं होतं.

श्रीलंकेतली एक कथा विनयाच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, येते. दुष्काळ आणि भय यांच्या काळात ‘महानिद्देस’ हा ग्रंथ मुखोद्गत असलेला एकच भिक्खू उरला होता, आणि तो दुराचारी होता. त्याच्याकडून ग्रंथ शिकायला एका शीलवान थेरांचं, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचं, मन तयार होईना. सहकाऱ्यांनी त्यांना समजावलं आणि ते शिकले. ग्रंथ राहिला. त्या थेरांनी गिळलेला संकोच हाही जतनाच्या किमतीचा भाग होता.

पर्यायी केंद्रही असंच वापरून ताडून बघावं लागतं. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजी काही तास ठप्प झाले, तेव्हा पर्यायी केंद्र असूनही काम तिकडे वळवलं गेलं नव्हतं. त्यानंतर ‘सेबी’नं संकट जाहीर झाल्यावर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करण्याची अट घातली. आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी, सुटीच्या दिवशी, बाजार मुद्दाम उघडला गेला. सकाळी सव्वानऊ ते दहा नेहमीच्या केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून खरे सौदे झाले, खऱ्या पैशांचे. कुठंही आग नव्हती. दीड तासाच्या मधल्या शांततेत संपूर्ण बाजारानं एक घर सोडलं आणि दुसरं धरलं.

हेइन्साच्या ठशांनाही एकदा धोका आला होता, आणि तेव्हा त्यांच्यासाठी कुठलंही पर्यायी केंद्र नव्हतं. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, त्या डोंगरात लपलेल्या सैनिकांवर बॉम्ब टाकण्याचा आदेश किम यंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याला मिळाला. खाली विहार आहे आणि त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं आपल्या तुकडीला बॉम्ब टाकू दिले नाहीत. मंगोल आक्रमणात जळाल्यावर पुन्हा कोरलेलं सगळं त्या दिवशी एका माणसाच्या नकारावर टिकलं. पुढे २००० सालापर्यंत ठशांवरची सगळी अक्षरं संगणकात उतरवली गेली. आता तेही एक डेटाबेस आहे. त्याच्या डिस्क जुन्या होतील, यंत्रं बदलतील, आणि दर वेळी कुणाला तरी मूळ ठसा समोर ठेवून अक्षरं पुन्हा ताडून बघावी लागतील.